पंधरा क्रोमिस आणि तुरटीचा खडा

क्रोमिस नावाच्या माशाने माझी ओकारी खाल्ली, तिथून आमची ओळख. हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही म्हणून मी इतकी वर्षं ही गोष्ट अर्धीच सांगत आलो, आणि त्या अर्ध्या गोष्टीनेच मला गोत्यात आणलं. तेव्हा आता पूर्ण सांगतो. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आमची अभ्यास सहल लक्षद्वीपला गेली होती. मी मूळचा नेकनूरचा. तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण, तेही काठावर उभं राहून, पँट दुमडून. कोचीहून जहाज निघालं आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत माझं पोट उलटं झालं. पुढचा प्रवास मी कठड्यावर वाळत घातलेल्या चादरीसारखा काढला. बेटावर उतरल्यावर जरा बरं वाटलं म्हणून सकाळी दोन बशा उपमा खाल्ला, आणि तासाभरात आम्हाला डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी देऊन उथळ पाण्यात सोडलं. पाणी माझ्या गळ्याइतकंच होतं. तरी मी गाईडचा हात सोडला नाही.

तोंड पाण्यात घातलं आणि क्षणभर पोटाचं विसरलो. खाली प्रवाळ होतं. पुस्तकातल्या चित्रांवरून प्रवाळ म्हणजे रंगीत दगड अशी माझी समजूत होती. हे तर कापसाची वेचणी संपल्यावर रानात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांसारखं होतं. काडीला काडी लागलेली, टोकं फिकट निळसर, मधे बोट जाईल एवढ्याच फटी. आणि त्यावर हातभर उंचीवर शे-दीडशे मासे तरंगत होते. बोटाएवढे. हिरवे म्हणावे तर निळे, निळे म्हणावे तर कूस बदलली की पुन्हा हिरवे. सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे. पाण्यातून वाहत येणारं, आपल्या डोळ्यांना न दिसणारं काहीतरी टिपत ते जागच्या जागी पोहत होते. माझी सावली पडली मात्र, सगळा थवा एका दमात त्या काड्यांत शिरला. कुणाचा कुणाला धक्का नाही, कुणाला जागा कमी पडली नाही. मी हललो नाही तेव्हा थोड्या वेळाने एकेक करून वर आले आणि आपापल्या कामाला लागले.

तेवढ्यात एक लाट आली आणि उपमा नळीवाटे बाहेर पडला.

मला वाटलं, आता मासे पळतील. ते आले. सगळेच्या सगळे आले. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर त्यांनी रवा कण कण वेचून खाल्ला आणि मोहरीचे दाणे तेवढे थुंकून टाकले. गाईड पाण्यावर डोकं काढून हसत होता. मी दिलेलं इतक्या आवडीने तोवर कुणी काही घेतलं नव्हतं, पुढेही नाही.

पुढे मी माजलगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बायोलॉजी शिकवायला लागलो. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवला तेवढाच तास आपला. सहा वर्षं झाली. पक्क्या जागेचा माझा प्रस्ताव संस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात होता. त्यावर त्यांची सही झाली की तो पुढे सरकणार, नाही तर तिथेच पिवळा पडणार. अध्यक्ष मोठे बागायतदार. धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचा ऊस, राजकारणात वजन, आणि दर महिन्याला कधीतरी मी त्यांच्या बैठकीत जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसून यायचो. ते मला चहा द्यायचे. प्रस्तावाचं मी काढायचो नाही, तेही काढायचे नाहीत.

एके दिवशी बैठकीत फार माणसं नव्हती. अध्यक्षांनी सहज विचारलं, सर, तुम्ही लांब लांब कुठपर्यंत गेलात? हातातला चहा पिऊन गप्प बसायचं सोडून मी लक्षद्वीप सुरू केलं. उपमा वगळून. मी ते मासे असे रंगवले की मलाच भरून आलं. एक वळला की सगळे वळतात, साहेब. एक खाली गेला की सगळे खाली. अध्यक्ष पुढे सरकून बसले.

“एक वळला की सगळे वळतेत?”

मी म्हणालो, एका क्षणात.

“मग ह्ये पायजेत आपल्याला. कार्यकर्त्यांना दाखवाया.”

बैठकीतले दोघे कार्यकर्ते हसले. मीही हसलो, आणि हसणं संपेपर्यंत ठरून गेलं होतं. प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन दहा-बारा दिवसांवर आलं होतं, मंत्री येणार होते. दारातून आत शिरताच समोर मोठी काचेची टाकी आणि त्यात लक्षद्वीपचे मासे. सर करतील. समुद्री माशांची टाकी नुसत्या पाण्यावर महिना-दीड महिना चालवावी लागते, पाण्यात घाण पचवणारे जंतू तयार व्हावे लागतात, त्याशिवाय मासे सोडायचे नसतात, हे मला माहीत होतं. बायोलॉजीच शिकवतो. मी म्हणालो, आठ दिवसांत होऊन जाईल साहेब.

घरी बायकोला सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर माणसांच्या जखमा धुऊन येते, त्यामुळे तिला माझी कीव लवकर येत नाही. तिने विचारलं, ह्यात तुमच्या सहीचं काय? मी म्हणालो, ह्यातच आहे. ती म्हणाली, मग मासे जगले तर तुम्ही कायम आणि मेले तर? मी म्हणालो, मरायचे कशाला.

अध्यक्षांच्या जीपने पुण्याला गेलो. दुकानदाराने विचारलं, टाकी किती दिवस चालू आहे? मी म्हणालो, दोन महिने. इतकं गुळगुळीत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्याने पंधरा क्रोमिस हवा भरलेल्या पिशव्यांत बांधून दिले, समुद्राच्या मिठाच्या पिशव्या दिल्या, आणि एक प्लास्टिकचं प्रवाळ दिलं. ते गुलाबी होतं. कवळीच्या हिरड्यांसारखं गुलाबी. त्याच्या फांद्या एका साच्यातून काढलेल्या, आतून भरीव. फटी नाहीतच. मासा त्याच्याभोवती फिरू शकतो, त्यात शिरू शकत नाही. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. मी म्हणालो, छान आहे.

परतीच्या वाटेवर पिशव्या मांडीवर होत्या. नगर ओलांडलं तेव्हा दोन मासे पोट वर करून तरंगत होते आणि त्यांच्या अंगावरून सुटलेली शेंबडासारखी तार बाकीच्यांच्या तोंडाला लागत होती. मी पिशवी रुमालाने झाकली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

उरलेले तेरा टाकीत सोडले. जारवाल्याकडून पाणी आणून त्यात मीठ कालवलं होतं, पंप बसवला होता, वर निळा दिवा लावला होता. पहिला दिवस मात्र सणासारखा गेला. सगळं कॉलेज येऊन बघून गेलं. तेरा मासे एका रांगेत इकडून तिकडे जात होते, काचेपाशी पोचले की सगळे एकदम वळत होते. अध्यक्ष स्वतः येऊन पाच मिनिटं उभे राहिले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या खांद्याने मी त्या दिवशी वर्गात फळा पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचे शिपाई मामा फाटकातच भेटले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, बोलणं कमी.

“सर, एक कमी हाय.”

कमी नव्हता, खाली होता. गुलाबी प्रवाळाच्या बुडाशी पांढरा पडून आडवा झालेला, शेपटी कुरतडलेली, आणि एक डोळा नव्हता. दुसरा डोळा खायचं काम चालू होतं. खाणारे कोण, तर त्याचे बारा भाऊबंद. कालच्या रांगेतले.

मी जाळीने तो काढून टाकला. तिसऱ्या दिवशी दुसरा. तेव्हा मी मधल्या सुट्टीत स्टूल घेऊन टाकीसमोर बसलो आणि नीट पाहिलं. त्यांच्यातला जो सगळ्यात दांडगा होता त्याने टाकीचा मधला भाग धरला होता. तो एकाला निवडायचा. त्याच्या मागे लागून शेपटी ओढायचा, टाकीच्या चारही कोपऱ्यांत फिरवायचा. पळणाऱ्याला कुठेच शिरायला जागा नव्हती. आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नव्हतीच, बाकीचे मधे पडत नव्हते. तेही एकेक चावा घेऊन जात होते. तो मेला की दुसऱ्या दिवशी दांडगा नवा निवडायचा.

तिकडे प्रवाळावर त्यांना यातल्या कशालाही सवड नसते. बाहेर मोठे मासे टपलेले, खाली लपायला काड्या, समोरून वाहत येणारं खाणं. भिऊन जवळ येतात, खायला वर येतात, दिवस जातो. मी त्यांची भीती काढून घेतली, लपायची जागा काढून घेतली, वाहतं पाणी काढून घेतलं आणि वरून निळा दिवा सोडला. मग त्यांनी एकमेकांचे डोळे खाल्ले.

स्टाफरूमला मात्र करमणूक झाली. रोज सकाळी चहाआधी लोक टाकीपाशी जमायचे. सर, आज कुणाचा नंबर? इतिहासाचे सर म्हणाले, हे आपल्या संस्थेसारखंच आहे. सगळे हसले, आणि कुणी हसताना आपल्याला पाहिलं नाही ना म्हणून दाराकडे बघितलं. मीही हसलो. मी कुठे हसलो नाही ते सांगा.

शिवाय आपली माणसं. समोर जीव दिसला की त्याला खाऊ घातल्याशिवाय हात परत जात नाही. कुणी बिस्कीट चुरून टाकायचं, कुणी फरसाण, एक मॅडम चुरमुरे. खाली शेवेचा थर बसला, फुगला, त्याच्यावर राखाडी केस उगवले. पाणी दुधाळ झालं. वास सुटला. कारखान्याच्या मळीचा वास आमच्याकडे हंगामभर असतोच, त्याला आम्ही सरावलेले, पण हा वास वेगळा होता. तो जिभेवर बसायचा. घरी ताटावर बसलो की तो भाकरीतून यायचा. बायको म्हणायची, आधी अंघोळ करा, मग बोला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठ मासे उरले होते. पाच वाजता अध्यक्ष पाहणी करायला आले. टाकीसमोर उभे राहिले आणि नाकाला रुमाल लावला.

“सर, ह्ये पाणी हाय का ताक?”

मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत स्वच्छ होईल.

“मासे कावून दिसंनात?”

आहेत साहेब, आठ आहेत. कोपऱ्यात आहेत.

“साडेअकराला मंत्रीसाहेब यायलेत,” ते रुमालातूनच म्हणाले. “तुमचा कागद मी आज टेबलावर काढून ठिवलाय. उद्या ह्ये चांगलं दिसलं पायजे.”

ते गेले आणि मी त्या ताकाकडे बघत उभा राहिलो. आणि तिथे मी जे केलं ते कोकणातल्या माणसाने केलं नसतं, पुण्याच्या तर नाहीच. ते बीड जिल्ह्यात पाण्याच्या पिंपांमधे वाढलेल्या माणसानेच करावं.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, ते साठवायचं. टँकरचं येतं, ते गढूळ असतं. लहानपणापासून मी एकच इलाज पाहिलेला आहे. आई पदर खोचून तुरटीचा खडा घ्यायची आणि रांजणात गोल गोल फिरवायची. सकाळी गाळ तळाला आणि वरचं पाणी आरशासारखं. माझा हात हे आपोआप करतो. पाणी गढूळ दिसलं की हात तुरटी शोधतो, मधे डोकं लागत नाही. कॉलेजच्या पिण्याच्या पिंपावर सुतळीला बांधलेला खडा लटकत होता. मी तो सोडवून आणला, बाही वर केली आणि टाकीत हात घालून फिरवायला लागलो. पाण्याची साय मनगटाला चिकटत होती.

मामा बादली घेऊन चालले होते, ते थांबले.

“सर, माशाला चालती का तुरटी?”

“मामा,” मी म्हणालो, “बायोलॉजी कोण शिकवतंय?”

मामा बादली घेऊन गेले. मी आणखी चार फेरे मारले.

सकाळी आठला आलो तेव्हा पाणी असं नितळ होतं की टाकीत पाणी आहे की नाही कळू नये. आजवर इतकं स्वच्छ पाणी मी फक्त लक्षद्वीपलाच पाहिलं होतं. तळाला पांढऱ्या कापसाचा जाड थर होता आणि त्या थरावर सात मासे ओळीने निजलेले. प्रत्येकाच्या कल्ल्यांतून तोच पांढरा चिकटा बाहेर आलेला. तोंडं उघडी. एकाला जाळीने उचललं तर अंगावरची सगळी बुळबुळ साल सोलावी तशी जाळीवर राहिली आणि मासा परत पाण्यात पडला. मी हातानेच उचलले. आमच्या घरी दर पौर्णिमेला वंदना होते, पंचशील म्हणतो, त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं, ते मला पाठ आहे. सात म्हणजे सात उचलून वर्तमानपत्रावर ठेवताना ते तोंडात येत होतं आणि मी ते गिळत होतो.

आठवा जिवंत होता. पंपाच्या तोंडाशी, जिथे पाणी बाहेर फेकलं जातं त्या कोपऱ्यात, कललेला, पण कल्ले हलत होते. तो दांडगा नव्हता. दांडगा वर्तमानपत्रावर होता. हा कालपर्यंत पुढचा नंबर असलेला, शेपटी अर्धी कुरतडलेला होता.

मामा कधी येऊन मागे उभे राहिले कळलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं, तुरटीकडे पाहिलं. काल बोललेलं त्यांनी परत काढलं नाही, आणि त्याची मला जास्त लाज वाटली.

“धरणावर चला,” ते म्हणाले. “कोळी आत्ताच जाळं काढीत असतेत.”

मला कळायला दोन क्षण लागले. कळल्यावर मी नाही म्हणालो असतो तर ही गोष्ट मी ताठ मानेने सांगितली असती. मी मोटारसायकलची किल्ली काढली.

पण धरणाचे मासे गोड्या पाण्याचे. टाकीतलं सगळं पाणी काढावं लागणार, आणि तो आठवा त्यात तासभरही टिकला नसता. मिठाचं पाणी एका ड्रममधे जास्तीचं कालवून ठेवलं होतं. मी बायकोला फोन केला, एखादं मोठं भांडं घेऊन ये म्हणालो. ती ड्यूटीवर जाता जाता स्कूटीवर पायांपाशी स्टीलचं पातेलं ठेवून आली. बुद्धपौर्णिमेला आम्ही खीर करतो ते पातेलं. मी तिच्यादेखत त्यात ते पाणी ओतलं, मासा सोडला आणि हवेची नळी लावली. तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. “ह्यात आता मी खीर करणार न्हाई,” एवढंच म्हणून ती गेली.

धरणावरून आम्ही बादलीभर चिलापी आणली, आमच्याकडचा सगळ्यात स्वस्त मासा. करंगळीएवढी पिलं, जाळ्यात तळाला राहिलेली, कोळी फेकूनच देणार होते. टाकी धुतली, टँकरचं पाणी भरलं, सव्वाअकराला पिलं सोडली. राखाडी, मळकट, काचेवर तोंडं घासणारी. मग मामांनी निळा दिवा लावला आणि मी बघत राहिलो. निळ्या दिव्याखाली चिलापी निळी दिसते. अंग हलवलं की हिरवी झाक मारते. नव्या जागेला भिऊन ती सगळी एका घोळक्यात इकडून तिकडे जात होती आणि काचेपाशी एकदम वळत होती.

साडेअकराचे पावणेदोन झाले, मग मंत्री आले. टाकीसमोर उभे राहिले. अध्यक्षांनी हात पुढे करून सांगितलं, लक्षद्वीपचे. आमच्या सरांनी आणले. मंत्री म्हणाले, वा, बीडला समुद्र आणला. कुणीतरी त्यांच्या हातात फरसाणाची बशी दिली. त्यांनी चिमूटभर टाकलं, पिलांनी ते फस्त केलं, आणि एका पिलाच्या मागून लांब काळा धागा लोंबायला लागला, तो तसाच घेऊन ते मंत्र्यांच्या डोळ्यांसमोरून तीनदा गेलं. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. मी फोटोत आहे, कडेला, हात मागे. हातांना वास होता.

जेवण अध्यक्षांच्या बंगल्यावर होतं. मला पहिल्यांदाच आतल्या पंगतीत बोलावलं. ताटात रस्सा, भाकरी, आणि तळलेले मासे. वाढणारा माझ्यापर्यंत आला तेव्हा अध्यक्ष उठून स्वतः माझ्याजवळ आले. त्यांनी त्याच्या हातातून परात घेतली आणि दोन मासे माझ्या ताटात ठेवले.

“घ्या सर,” ते हळूच म्हणाले. “लक्षद्वीपचे हायत.”

मी वर बघितलं. ते हसत नव्हते. ज्या माणसाचा ऊस धरणाच्या पाण्यात पाय सोडून उभा आहे त्याला चिलापी ओळखू येणार नाही असं मला वाटलं होतं. एमएस्सी झालेल्या माणसाला असं वाटू शकतं.

“सोमवारी कागद न्यायला या,” ते म्हणाले आणि पुढच्या ताटाकडे गेले.

मी ते दोन्ही मासे खाल्ले. ते चांगले झाले होते.

सोमवारी निघताना बायको म्हणाली, हात धुऊन जा. तीनदा धुतले, लिंबू चोळलं. अध्यक्षांनी माझ्यासमोर खणातून नव्हे, टेबलावरून कागद उचलला आणि सही केली. सहा वर्षं, आणि पेन चार सेकंद चाललं. मी धन्यवाद म्हणालो. ते पेनला टोपण लावत म्हणाले, “मंत्रीसायबाला बी अशीच एक टाकी पायजे म्हणं. त्यांच्या बंगल्यावर. तुमचंच नाव सांगितलं मी. आपल्याला असा माणूस लागतो सर, वेळेला निभावून नेणारा. नुसते शिकवणारे लई हायत.”

नाही म्हणायची ही दुसरी संधी होती. सही झाली होती, कागद माझ्या हातात होता, आता मला कुणाचं भय नव्हतं. मी विचारलं, “टाकी किती फुटांची करायची, साहेब?”

घरी आलो. पातेलं स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवलं होतं, तिथे जरा गार असतं. मासा जिवंत होता. दोन दिवसांत त्याने रंगही थोडा धरला होता. स्टीलच्या भिंतीला जवळजवळ चिकटून तो पोहत होता, आणि भिंतीत दुसरा क्रोमिस त्याच्या बरोबरीने पोहत होता. हा थांबला की तो थांबे, हा वळला की तो वळे. मी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिलो. मग चिमूटभर खाणं टाकलं. दुकानातलं, महागाचं. ते त्याच्या तोंडासमोरून खाली गेलं. दुसरं टाकलं. त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीतल्या सोबत्याशेजारी जाऊन उभा राहिला. शनिवारपासून त्याने काही घेतलं नव्हतं. त्याच्या जातीने माझ्या पोटातला उपमा वेचून खाल्ला होता आणि हा माझ्या हातचा कण घेईना.

बायको माझ्या मागे उभी होती. सही झाली का, असं तिने विचारलं नाही. कागद ओट्यावर पडलेला तिला दिसतच होता.

“त्याला परत न्हाई का सोडता येत?” ती म्हणाली.

मी तिला अंतर सांगायला लागलो. बीडहून पुणे, पुण्याहून कोची, तिथून जहाज. ती ऐकत नव्हती. खाली वाकून तिने पातेल्यात बोट बुडवलं, चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मासा बुधवारी सकाळी मेला, भिंतीच्या बाजूलाच. पाणी मी बाहेर कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं, तर आठवडाभरात तोही जळाला.